कोकणातील विमानतळावर जमिनीवरच्या विमान वाहतुकीचे स्वयंचलन: कोणते साधन आधी आणि कोणते नंतर

कोकण किनारपट्टीवरील विमान वाहतूक गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहे. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मोप्याहून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली, नवी मुंबईतून डिसेंबर २०२५ मध्ये सेवा सुरू झाली, आणि दाबोळीची धावपट्टी तर नौदल व नागरी विमाने कित्येक वर्षांपासून वाटून वापरत आहेत. आकाशातल्या विमानांच्या नियंत्रणाबद्दल बरेच लिहिले जाते. पण विमान टेकल्यापासून पार्किंग स्टँडवर उभे राहीपर्यंत, आणि पुशबॅकपासून, म्हणजे विमान स्टँडवरून मागे ढकलल्यापासून, उड्डाणापर्यंत जी वाहतूक चालते, तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. वास्तविक विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात धावपट्टीवरच झाला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

हे मार्गदर्शन विमानतळाच्या ऑपरेशन्स विभागात काम करणाऱ्यांसाठी, टॉवरमध्ये प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी आणि या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००४ मध्ये काढलेल्या ९८३० क्रमांकाच्या नियमपुस्तिकेत अशा प्रणालीची चार कामे सांगितली आहेत: देखरेख, मार्ग ठरवणे, मार्गदर्शन आणि नियंत्रण. या प्रणालीला सर्वत्र ए-एसएमजीसीएस म्हणतात. ही चार कामे पुस्तिकेत शेजारी शेजारी मांडलेली असली, तरी ती एकदम बसवता येत नाहीत आणि बसवूही नयेत. रडार आधी विकत घ्यायचे आणि नकाशा, वेळा व गाड्या यांचा विचार नंतर करायचा, हा क्रम उलटा आहे. माझे ठाम मत असे की कोकणात हा क्रम पावसाळा समोर ठेवूनच ठरवला पाहिजे, कारण नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी उत्तम चालणारी प्रणाली जुलैत आंधळी झाली, तर ज्या दिवसांसाठी ती घेतली त्याच दिवशी ती हाताशी नसते.

पहिले काम नकाशाचे

संगणकाला विमानतळ समजतो तो बिंदू आणि रेषांच्या जाळ्याच्या रूपात. टॅक्सीवे, म्हणजे स्टँड आणि धावपट्टी यांना जोडणारे विमानांचे रस्ते, जिथे फुटतात किंवा मिळतात तो बिंदू, आणि दोन बिंदूंमधला तुकडा ती रेषा. प्रत्येक रेषेवर तिची लांबी, तिथे परवानगी असलेला वेग, जाण्याची दिशा आणि तिथून जास्तीत जास्त किती पंखविस्ताराचे विमान जाऊ शकते हे नोंदवावे लागते. ए-३२० चा पंखविस्तार शार्कलेटसह, म्हणजे पंखांच्या वर वळलेल्या टोकांसह, ३५.८ मीटर आहे आणि पंखविस्तारावरून केलेल्या वर्गांपैकी कोड 'सी' ची मर्यादा ३६ मीटरपेक्षा कमी अशी आहे, म्हणजे हे विमान त्या वर्गात काठावर बसते. कोड 'सी' साठी आखलेल्या टॅक्सीवेवर याहून मोठे विमान आले, तर प्रणालीने तो मार्ग सुचवताच कामा नये. ही अट नकाशातच घातलेली असली पाहिजे, कंट्रोलरच्या स्मरणावर सोडलेली नसावी.

सर्वेक्षण करून घेताना सर्व अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या एकाच संदर्भ पद्धतीत आहेत याची खात्री करावी. जुने आराखडे अनेकदा वेगळ्या संदर्भावर काढलेले असतात, आणि तसा आराखडा जसाच्या तसा चढवला तर पडद्यावरचे विमान टॅक्सीवेऐवजी गवतात चालताना दिसते. धावपट्टीबाहेर थांबण्याची रेषा, म्हणजे होल्डिंग पॉइंट, विशेष काळजीने मोजावी. पहिल्या श्रेणीच्या अचूक अवतरणासाठी असलेल्या मोठ्या धावपट्टीवर ही रेषा मध्यरेषेपासून किमान ९० मीटरवर असते. पुढे येणारा प्रत्येक इशारा याच रेषेवर अवलंबून राहणार असल्यामुळे इथली पाच मीटरची चूकही एक तर खोटे इशारे देते किंवा खरा इशारा उशिरा देते.

ज्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे पूर्ण लांबीचा नाही, तिथे विमानाला धावपट्टीवरूनच उलट चालत जाऊन टोकाला वळावे लागते. त्याला बॅकट्रॅक म्हणतात. तिथे धावपट्टी हाच नकाशातला एक रस्ता होतो आणि तो एका वेळी एकाच विमानाचा असतो. हा नियम जाळ्यात पहिल्या दिवसापासून लिहावा, नंतर जोडू म्हणून ठेवू नये.

गाड्यांची नोंद

विमाने मोजकी असतात, गाड्या पुष्कळ असतात. विमानापुढे चालून वाट दाखवणारी फॉलो-मी जीप, अग्निशमन बंब, पक्षी पळवणारी गाडी, धावपट्टीची पाहणी करणारी गाडी आणि कोकणात जूननंतर सतत लागणारे गवत कापण्याचे ट्रॅक्टर, या सगळ्यांना धावपट्टीच्या आसपास जावे लागते. जी गाडी धावपट्टी किंवा टॅक्सीवेवर जाऊ शकते, तिच्यावर ओळख प्रसारित करणारा वाहन-ट्रान्सपाँडर बसवावा आणि प्रत्येकीला रेडिओवर हाक मारण्याचे एक कायमचे नाव द्यावे. पैशांअभावी सुरुवातीला जीपीएस आणि मोबाइल जाळ्यावर चालणारे ट्रॅकर लावले तरी चालतील, पण त्यांचा उपयोग गाडी साधारण कुठे आहे हे समजण्यापुरताच करावा. असा ट्रॅकर दाखवतो त्या जागेच्या भरवशावर उड्डाणाची परवानगी देऊ नये, कारण मोबाइल जाळे कधी किती सेकंद मागे राहील याचा नेम नसतो.

जनावरांना मात्र ट्रान्सपाँडर बसवता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रा आल्यामुळे बेंगळुरूहून आलेले विमान न उतरता परत गेले होते. कुंपणाची गस्त आणि धावपट्टीची पाहणी यांना स्वयंचलन पर्याय नाही, हे व्यवस्थापनाला अंदाजपत्रकाच्या बैठकीतच सांगावे.

पाहणारी साधने

जमिनीवरचे रडार साधारणपणे सेकंदाला एक फेरी करते आणि ट्रान्सपाँडर बंद असलेली वस्तूही दाखवते, हा त्याचा मोठा गुण. परंतु अनेक ठिकाणी वापरले जाणारे एक्स-बँड रडार सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चालते, आणि मुसळधार पावसाचे थेंब या लहरी परावर्तित करतात. परिणामी पडदा पावसाच्या खुणांनी भरतो आणि त्यात खरी वस्तू बुडून जाते. वर्तुळाकार ध्रुवीकरण वापरून हा त्रास कमी करता येतो, त्यामुळे निविदेत ही अट घालावी. विक्रेत्याने दिलेले रडारचे प्रात्यक्षिक हिवाळ्यात पाहून समाधान मानू नये. स्वीकृती चाचणीची तारीख जुलैमध्येच धरावी आणि करारात तसे लिहून घ्यावे.

दुसरे साधन मल्टिलॅटरेशन. विमानाचा ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्‌झवर जो संदेश सोडतो, तो विमानतळाभोवतीच्या अनेक ग्राहकयंत्रांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि या वेळांतल्या फरकावरून विमानाची जागा काढली जाते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे दोन ग्राहकयंत्रांची घड्याळे दहा नॅनोसेकंदांनी चुकली तर अंतरात तीन मीटरची चूक शिरते. सपाट जागेवरची स्थिती काढायला किमान तीन यंत्रांनी तोच संदेश ऐकावा लागतो. प्रत्यक्षात प्रत्येक होल्डिंग पॉइंट किमान चार-पाच यंत्रांच्या नजरेत राहील अशी मांडणी करावी, म्हणजे पावसात एखादे बंद पडले तरी चित्र राहते. टर्मिनलचे आणि हँगरचे पत्र्याचे छप्पर लहरी परतवते, त्यामुळे तिथे जागेत उडी मारणारी विमाने दिसू लागतात. अशा कोपऱ्यांची यादी चाचणीच्या वेळीच करून ठेवावी.

मल्टिलॅटरेशनला पाऊस फारसा अडवत नाही, म्हणून कोकणातल्या मध्यम विमानतळाने आधी हे घ्यावे आणि वाहतूक वाढल्यावर रडार जोडावे, असे मी सुचवेन. मात्र त्याची एक मोठी अट आहे: ट्रान्सपाँडर चालू असला पाहिजे. पुशबॅकची विनंती करण्याआधी तो सुरू करणे आणि स्टँडवर थांबेपर्यंत सुरू ठेवणे, हा नियम स्थानिक कार्यपद्धतीत लिहून पायलटांपर्यंत पोहोचवावा आणि न पाळल्याची नोंद दर आठवड्याला संबंधित विमान कंपनीकडे पाठवावी. एडीएस-बी मध्ये विमान आपली जागा स्वतःच सांगते. ती माहिती विमानातल्या उपग्रह-ग्राहकावर अवलंबून असल्याने पूरक म्हणून घ्यावी, एकमेव आधार म्हणून नाही.

बसवण्याच्या बाबतीत दोन गोष्टी इथल्याच आहेत. पहिली म्हणजे खारी हवा. खोबणी, जोडणीचे स्क्रू आणि अँटेनाचे कनेक्टर वर्षभरात गंजतात, त्यामुळे गंजरोधक पोलाद आणि पूर्ण बंदिस्त पेट्या मागाव्यात. दुसरी म्हणजे जांभा. सड्यावरच्या कातळात अर्थिंगचा रोध कमी करणे कठीण जाते, आणि वळवाच्या व परतीच्या पावसात विजा तर हमखास असतात. म्हणून अर्थिंगचे खड्डे खोल घ्यावेत, रोध एप्रिल-मेच्या कोरड्या जमिनीत मोजावा आणि विमानतळाभोवतीच्या ग्राहकयंत्रांपासून टॉवरपर्यंत तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबर न्यावी, म्हणजे विजेचा धक्का तारेवाटे टॉवरपर्यंत येत नाही.

वेळांचा हिशेब

इथे खर्च सर्वांत कमी आणि लाभ सर्वांत लवकर दिसतो, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घेतो. विमान कंपनी, ग्राउंड हँडलिंग, विमानतळ आणि टॉवर यांनी एकाच वेळापत्रकावर काम करण्याच्या पद्धतीला ए-सीडीएम म्हणतात. युरोपात २००७ मध्ये म्युनिकने ती प्रथम पूर्णपणे अमलात आणली. यात तीन वेळा महत्त्वाच्या. विमान निघायला खरोखर तयार होईल ती टीओबीटी, जी कंपनी किंवा तिचा हँडलर देतो. इंजिन सुरू करण्याची मान्य वेळ टीसॅट, जी प्रणाली देते. आणि उड्डाणाची अपेक्षित वेळ टीटीओटी. टीसॅटमध्ये टॅक्सीचा, म्हणजे स्टँडपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जाण्याचा, वेळ मिळवला की टीटीओटी येते.

एक उदाहरण कल्पून पाहू. तीन ए-३२० सकाळी ७ वाजता एकदमच तयार होतात. दोन उड्डाणांमध्ये तीन मिनिटांचे अंतर हवे. पावसात स्टँडपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत ११ मिनिटे लागतात. ७:१७ ला एक विमान उतरणार आहे. पहिले विमान ७:११ ला, दुसरे ७:१४ ला उडेल. तिसऱ्याला ७:१७ मिळत नाही, उतरणारे विमान धावपट्टी सोडेपर्यंत थांबून ते ७:१९ ला उडेल. आता ११ मिनिटे वजा करा: इंजिने ७:००, ७:०३ आणि ७:०८ ला सुरू करायची. तिघांनीही ७:०० लाच इंजिने सुरू केली असती, तर दुसरे तीन मिनिटे आणि तिसरे आठ मिनिटे रांगेत धडधडत उभे राहिले असते. या प्रकारचे विमान जमिनीवर मिनिटाला साधारण दहा ते बारा किलो इंधन जाळते. म्हणजे एका सकाळच्या या एका छोट्या रांगेत सुमारे १२० किलो इंधन वाचते.

आता तोच हिशेब कोरड्या दिवसाच्या आठ मिनिटांनी केला तर काय होते ते पाहा. प्रणाली ७:०८, ७:११ आणि ७:१४ ही उड्डाणे गृहीत धरते आणि इंजिने ७:००, ७:०३, ७:०६ ला सुरू करायला सांगते. भिजलेल्या टॅक्सीवेवर पायलट सावकाश चालतात, आणि तिसरे विमान होल्डिंग पॉइंटवर बरोबर ७:१७ ला पोहोचते, म्हणजे वरून येणारे विमान टेकत असतानाच. ज्या क्षणी पडद्यावर ते केव्हाच उडालेले असायला हवे होते, त्या क्षणी ते धावपट्टीच्या तोंडाशी उभे असते, आणि घाईने त्याला पुढे काढण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. म्हणून टॅक्सीचा वेळ एकच सरासरी आकडा म्हणून भरू नये. स्टँड, धावपट्टीची दिशा, विमानाचा प्रकार आणि कोरडे की ओले, असे वेगवेगळे तक्ते करावेत. विमान प्रत्यक्ष निघाल्याची व उडाल्याची वेळ रोजच्या नोंदीत असतेच, तीवरून एका पूर्ण पावसाळ्याचे तक्ते तयार होतात. सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, कारण एखादे विमान अर्धा तास अडकले की सरासरी बिघडते.

दोन व्यावहारिक सूचना. विमान वाहतुकीची घड्याळे जागतिक वेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. बस, केटरिंग आणि सामानाच्या ट्रॉल्या सांभाळणारा कर्मचारी भारतीय वेळेत विचार करतो, त्यामुळे पडद्यावर दोन्ही वेळा स्पष्ट लेबलसह दाखवाव्यात. दुसरी सूचना अशी की टीओबीटी बदलण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे प्रत्येक कंपनीसाठी नावानिशी ठरवावे. वेळ पुढे ढकलली की रांगेतली जागा जाईल या भीतीने हँडलर खोटी वेळ धरून बसतात. ही सवय मोडायची असेल तर वेळेवर खरी माहिती देणाऱ्याची जागा राखली जाते, हे त्यांना रोजच्या कामात दिसले पाहिजे.

दिवे

मार्गदर्शनाच्या टप्प्यात टॅक्सीवेच्या मध्यरेषेवरचे हिरवे दिवे विमानापुढे पेटत जातात आणि मागे विझतात. मोठ्या विमानतळांवर हे उपयोगी आहे, पण तीन-चार स्टँडच्या विमानतळाला ते परवडणार नाही आणि त्याची तातडीही नाही. स्टॉप बारची मात्र आहे. होल्डिंग पॉइंटवर टॅक्सीवेच्या आडव्या बसवलेल्या लाल दिव्यांची ही ओळ कंट्रोलरने परवानगी देऊन विझवल्याशिवाय ओलांडायची नसते. रेडिओवर परवानगी मिळाली आणि दिवे लालच राहिले, तरी पायलटने थांबून विचारायचे. दिव्यांइतकेच रंगालाही महत्त्व द्यावे. पावसाळ्यात डांबरावर शेवाळ धरते आणि खुणा फिकट होतात, म्हणून मे महिन्यात सर्व होल्डिंग पॉइंट पुन्हा रंगवून घ्यावेत. इटलीतील लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात एक छोटे विमान चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर पोहोचले, उड्डाण करणारे विमान त्यावर आदळले आणि ११८ जणांचा जीव गेला. तिथे जुने जमिनीवरचे रडार काढलेले होते आणि नवे कार्यान्वित झालेले नव्हते. जुनी व्यवस्था काढण्याची तारीख नवी सिद्ध झाल्यानंतरचीच असावी, हे यावरून प्रत्येक प्रकल्पाच्या वेळापत्रकात लिहिले गेले पाहिजे.

इशारे कानापर्यंत पोहोचणे

धावपट्टीवर कोणी असताना दुसरे विमान उतरू लागले, तर प्रणालीने दोन टप्प्यांत सांगावे: आधी सूचना, मग धोक्याचा इशारा. चांगल्या दृश्यतेत सर्वसाधारणपणे उतरणारे विमान धावपट्टीपासून ३० सेकंदांवर असताना पहिला आणि १५ सेकंदांवर असताना दुसरा टप्पा ठेवतात, आणि दृश्यता कमी झाली की ही अंतरे वाढवतात. १४० नॉटने येणारे विमान ३० सेकंदांत दोन किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापते. कंट्रोलरने पाहणे, समजणे, बोलणे आणि पायलटने पुन्हा वर घेणे, हे सारे एवढ्यातच बसवायचे असते.

टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी तटरक्षक दलाचे विमान सुमारे ४० सेकंद धावपट्टीवर उभे होते. देखरेखीच्या पडद्यावर इशारा उमटलेला होता, पण त्याला आवाजाची जोड नव्हती आणि तो कंट्रोलरच्या लक्षात आला नाही. उतरणारे प्रवासी विमान त्यावर आदळले. प्रवासी विमानातले ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. म्हणून दुसऱ्या टप्प्याचा इशारा आवाजासह असावा, तो आवाज टॉवरमधल्या इतर कोणत्याही आवाजासारखा नसावा, आणि धावपट्टीचे नाव तो बोलून सांगणारा असावा.

खोट्या इशाऱ्यांची संख्या कमी करणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. दिवसातून वीस वेळा विनाकारण वाजणारी घंटा एकविसाव्या वेळी कोणी ऐकत नाही. पहिले काही महिने प्रत्येक इशारा 'खरा', 'खोटा' किंवा 'खरा पण निरुपयोगी' अशा तीन खान्यांत नोंदवावा आणि दर पंधरवड्याला कंट्रोलरांसमवेत बसून सीमा बदलाव्यात. गवत कापणारा ट्रॅक्टर धावपट्टीच्या पट्ट्याशेजारून जाताना रोज इशारा येत असेल, तर दोष बहुधा नकाशातल्या रेषेचा असतो. इशारा बंद करून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रत्यक्ष वापरात आणताना

सर्व साधने बसल्यावर एक पूर्ण पावसाळा प्रणाली बाजूला चालवावी: ती आपला सल्ला नोंदवते, कंट्रोलर नेहमीच्या पद्धतीने काम करतो, आणि दोन्हींतला फरक रोज तपासला जातो. चतुर्थीच्या आधीचे दिवस यासाठी सर्वांत उपयुक्त, कारण चाकरमान्यांच्या गर्दीमुळे जादा विमाने आणि पाऊस ही दोन्ही एकत्र येतात. दाबोळीसारख्या ठिकाणी, जिथे नियंत्रण नौदलाकडे आहे, तिथे लष्करी हालचालींची किती माहिती सामायिक पडद्यावर यावी हे लेखी ठरल्याशिवाय चाचणी सुरू करू नये.

धावपट्टीच अचानक बंद झाली तर काय, याचाही सराव हवा. १ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईत पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पलीकडे घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. दुय्यम धावपट्टी होती म्हणून वाहतूक चालू राहिली, पण तिचे मार्ग आणि टॅक्सीचे वेळ पूर्ण निराळे. म्हणून धावपट्टीच्या प्रत्येक संभाव्य स्थितीचा नकाशा आणि तक्ता आधीच तयार करून एका बटणावर बदलता येईल असा ठेवावा. जिथे एकच धावपट्टी आहे तिथे एखादा टॅक्सीवे किंवा स्टँड बंद झाल्याची स्थिती तशीच तयार ठेवावी.

शेवटी, पडदा काळा पडल्यावर पाळायचे नियम टॉवरमध्ये छापून लावावेत: एका वेळी किती विमाने चालवायची, फॉलो-मी जीप कधी बोलवायची, प्रत्येक विमानाची नोंद ठेवणाऱ्या कागदी पट्ट्या कोणी भरायच्या, कोणत्या गाड्या तात्काळ बाहेर काढायच्या. दर वर्षी मे महिन्यात एकदा दिवसा आणि एकदा रात्री, विमाने नसताना प्रणाली मुद्दाम बंद करून हा सराव करावा. त्याच महिन्यात ग्राहकयंत्रांच्या कनेक्टरांची, अर्थिंगची आणि बॅटऱ्यांची तपासणी उरकावी, आणि सुटे भाग विमानतळावरच्या गोदामात आहेत याची सही घ्यावी. घाट बंद पडल्यावर पुण्या-मुंबईहून भाग येण्याची वाट पाहण्याची वेळ येऊ नये, म्हणून देखभालीच्या करारात सुट्या भागांची ही यादी आणि ३१ मे ही तारीख नमूद करून घ्यावी.